काना-मात्रा न बदलता

गावंडे सरांनी लाल पेनानं फुली मारली ती थेट बोंडावर.

अकोल्याच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. आकांक्षानं महिनाभर बसून, अक्षर-अक्षर सरकवून आपला प्रोग्राम फुटलेल्या कापसाच्या बोंडाच्या आकारात बसवला होता. चालवला की तो एकच काम करायचा. कुठलीही फाइल न उघडता स्वतःला जसाच्या तसा, शेवटच्या कंसासकट छापायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण करायला बसा म्हणजे कळेल, घाम फुटतो!

जर्नलमध्ये डाव्या पानावर प्रोग्राम, उजव्या पानावर आउटपुट, असा नियम. तिच्या दोन्ही पानांवर बोंड.

"प्रोग्रामच दोनदा चिकटवला तुनं," सर म्हणाले. "आउटपुट कुठं हाय?"

"सर, हेच आउटपुट हाय. तो स्वतःलेच छापते."

"मले शिकवून राहिली का?"

तिनं तिथंच चालवून दाखवला. पडद्यावर बोंड उमटलं. आता तरी पटेल, असं तिला वाटलं.

"पाह्य ना, नुसती फाइल उघडली. चाललाच नाई." सरांनी शून्य टाकून जर्नल मिटलं. "नक्कल ते नक्कल, अन् वरून रांगोळी!"

शून्य म्हणजे नापास. आणि सोमवारी कॉलेजात येणारी पुण्याची कंपनी नापासांना दारातही उभं करणार नव्हती. आकांक्षाला असा संताप आला, की ते जर्नल तिथंच टराटरा फाडावं. पण सोमवार आडवा आला.

"माफीनामा दे, पास करतो." सरांनी ड्रॉवरमधून एक पिवळा पडलेला कागद काढला. "यात पाहून उतरव. काना-मात्रा बदलू नको."

ती उतरवू लागली. 'सदर काम मी स्वतःच्या बुद्धीने केलेले नाही' या ओळीवर पेन अडलं. डोळे भरून आले. तिनं ओढणीनं पुसले, तीही ओळ लिहिली आणि खाली सही केली.

सरांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरले, ओळी-ओळीवर बोट फिरवत ताडून पाहिले. सही सोडली तर कुठंच फरक नव्हता. सकाळपासून पहिल्यांदाच ते हसले.

"अक्षर झकास हाय पोरी तुयं!" त्यांनी जुना कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि तिचा ड्रॉवरमध्ये ठेवला. "पुढच्या पोरायले आता हाच देतो उतरवाले."