सून आली, खाज आली

जीपमध्ये सासू आणि सून शेजारी बसल्या होत्या आणि दोघीही खाजवत होत्या. सासू मानेवर, सून कोपरावर. ड्रायव्हरनं आरशात एकदाच पाहिलं आणि त्याच्या पाठीला खाज सुटली. यवतमाळ येईपर्यंत मागच्या बाकावरचे सगळे पोटऱ्या चोळत होते, आणि टपावर बांधलेला बोकड म्हणे स्टेपनीला अंग घासत होता. बोकडाचं सोडा. पण सत्यशीलाबाई सुनेला माहेरी सोडायला निघाल्या होत्या, हे शंभर टक्के खरं. परत न आणण्यासाठी.

"आपण पायगुण-बियगुण मानत नाही," त्या प्रियंकाला पुन्हा म्हणाल्या. "पण तू आली अन् खाज आली. आता यात मी काय करू, सांग?"

"आई, लग्नाआधी मले एक पुळीबी नव्हती."

"मले तरी कुठी होती?"

एवढं बोलून दोघी खिडकीबाहेर पाहू लागल्या. म्हणजे खाजवू लागल्या.

लग्न हिवाळ्यात लागलं होतं आणि थंडी ओसरायच्या आत घरभर लाल चट्टे उठले. नवरा मुलगा संघदीप तर झोपेत असा खाजवायचा की शेजाऱ्यांना वाटे, कोणी पाट्याला टाकी लावतंय. त्या साली कापसाचा भाव असा बसला होता की सासरे उकंडाराव माल हलवायला तयार नव्हते. दारापासून आढ्यापर्यंत मधली खोली कापसानं भरलेली, आणि उरलेल्या फटीत माणसं झोपायची. त्यांची मांजर दिवाळीत त्या ढिगात शिरली ती होळीला पिल्लं घेऊन बाहेर आली, असं गाव सांगे. उकंडाराव तेवढे अंगणात बाजेवर झोपत आणि त्यांना खाज नव्हती. "सुनेपासून लांब राह्यतो म्हणून," असं तेच सांगत.

दारव्ह्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मलम दिलं. ॲलर्जी आहे म्हणाला. मग त्यानं विचारलं, "घरात एवढ्यात नवीन काय आलं?"

सत्यशीलाबाईंनी बोट उचललं आणि सरळ प्रियंकाकडे दाखवलं.

पांढरकवड्याला पोचल्यावर त्यांचा बेत सोपा होता. दोन वाक्यं बोलायची आणि संध्याकाळची बस धरायची. प्रियंकाचे वडील ट्रक घेऊन हैदराबादकडे गेले होते. घरात विहीणबाई एकट्या. त्यांनी "जय भीम" म्हटलं, दोघींच्या कपड्यांना चिकटलेले पांढरे तंतू पाहिले आणि हसू दाबत विचारलं, "पिंजाऱ्याच्या घरून आल्या का व?" दोघींना आंघोळीला पिटाळलं, कपडे उकळत्या पाण्यात टाकले, स्वतःची पातळं नेसायला दिली. मग चहा झाला. मग कोंबडीचा रस्सा झाला. लेकीची सासू पहिल्यांदा घरी आलेली, तिला उपाशी कोण सोडणार? रश्शाला इकडे तर्री आली आणि तिकडे बस गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन वाक्यं सत्यशीलाबाईंच्या घशात रश्शाखाली दबून राहिली.

घर लहान. सासू-सुनेला एकच गादी. मध्ये बांध म्हणून सत्यशीलाबाईंनी वाकळेची वळकटी टाकली होती.

दुसऱ्या मुक्कामाची सकाळ झाली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. वळकटी पायाशी गेली होती आणि प्रियंकाचा हात त्यांच्या गळ्यात होता. सत्यशीलाबाई तशाच पडून राहिल्या. काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं. बऱ्याच वेळानं कळलं. नखांना काम नव्हतं.

"प्रियंका, ऊठ वं. खाजून राह्यलं का तुले?"

प्रियंकानं डोळे चोळले, कोपर पाहिलं. जुने चट्टे सुकले होते. नवा एकही नव्हता. "नाही आई."

"मलेबी नाही."

सत्यशीलाबाई उठून बसल्या. खाज हिच्या अंगातली असती, तर दोन रात्री अंगाला अंग लावून झोपल्यावर आपल्या अंगावर एव्हाना कातडी उरली नसती. त्या विचारातच चहा घेऊन अंगणात गेल्या. ऊन लागलं म्हणून पिशवीच्या तळातून घरचा दुपट्टा काढला आणि डोक्या-मानेला गुंडाळला. कपबशी रिकामी होण्याआधी मान पेटली. टपोरे लाल चट्टे. त्यांनी दुपट्टा उन्हात धरला. कापसाचे तंतू चिकटलेले होते, आणि त्या तंतूंत धुळीसारखं काहीतरी. नीट पाहिलं तर ती धूळ चालत होती.

"अवं माय," त्या म्हणाल्या. "कापूस!"

दरवर्षी यायचा तसाच आला होता कापूस. पण दरवर्षी आला तसा जायचाही. यंदा तो सुनेच्या आधी आला आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्कामाला राहिला.

दुपट्टा त्यांनी स्वतः उकळत्या पाण्यात बुडवला. मग मलमाची ट्यूब घेऊन प्रियंकासमोर बसल्या, तिचं कोपर मांडीवर घेतलं आणि मलम लावत राहिल्या. ट्यूब संपत आली तरी थांबेनात. प्रियंकाचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

विहीणबाई दारात आल्या. "तुमी काही सांगायले आलत्या ना?"

"आलती. आता विसरली."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून उकंडाराव गरजले, "तिले सोडलं का?"

"सोडलं."

"मग तू कवा येतं?"

सत्यशीलाबाईंनी पाय पसरले, पाठ भिंतीला टेकवली. "मलेबी सोडलं समजा. कापूस बाहेर काढा, घर झाडा-धुवा, अन् मग दोघींले घ्यायले या."