खो मिळेपर्यंत

खेळाडूंच्या राखीव जागेवर कॉलेजप्रवेशासाठीच्या अर्जाला आता प्रमाणपत्रं जोडायची नव्हती, खेळतानाचा अनुभवच जोडायचा होता. कॉलेजच्या घाटपांडे बाई कपाळाला पट्टी लावत आणि खेळाडूच्या अंगातलं सगळं त्यांच्या अंगात उतरे. सकाळपासून बाई वीसदा जिंकून दमल्या होत्या.

शर्वाणीचा अनुभव सुरू झाला आणि त्या वैतागल्या. "अगं, तू तर नुसती बसलीयेस!"

"खो-खोत बसावंच लागतं, बाई. त्या डावात मला एकदाही खो मिळाला नाही."

"मग प्रवेश कशाच्या जोरावर देऊ?"

शर्वाणी निवांत त्यांच्या मागे गेली. पाठीवर हात टेकवून हळूच म्हणाली, "खो."

खुर्ची उलटी पाडून बाई थेट दारापर्यंत धावल्या.

चौकट धरून, धापा टाकत त्यांनी पट्टी काढली. "सोमवारी सरावाला ये," त्या म्हणाल्या.