कागद वाळेपर्यंत

"पंच, हिनं तेल लावलंय! धरली तरी हातात ऱ्हात न्हाय!" मोरव्याची कप्तान उर्मिला ओरडली आणि पंढरीनाथांनी शिट्टी फुंकून सामना थांबवला.

काशीमिऱ्याची वैजयंता नुकतीच उर्मिलेच्या मुठीतून हात सोडवून मधली रेषा गाठून आली होती. त्या गुणानं ब्याण्णव सालची मुलींच्या कबड्डीची फायनल अकरा-अकरा झाली होती. तेल निघालं असतं, तर गुणही गेला असता आणि पोरगीही मैदानाबाहेर.

पंढरीनाथ पूर्वी एकदा तेलाला फसलेले. तेव्हापासून ताकही फुंकून पीत. "हात पुढे कर," ते गुरकावले. तळवा निथळत होता. त्यांनी तो टॉवेलनं खसखसून पुसला. बघता बघता पुन्हा थेंब उभे राहिले.

"घाबरलीस?"

"नाही सर. घरी निवांत बसले तरी येतो. डॉक्टर म्हणाले, काहींचं शरीरच असं असतं."

पण पंचाला पुरावा लागतो. त्यांनी पेपरचा तुकडा फाडला, तिच्या तळव्यावर दाबला आणि उन्हात धरला. पाणी असेल तर वाळेल, तेल असेल तर डाग राहील. दोनशे माणसं एका चिटोऱ्याकडे डोळे लावून बसली. वैजयंतानं मान खाली घातली नाही. हळूहळू डाग आक्रसला आणि नाहीसा झाला.

"घाम आहे. गुण कायम!"

उर्मिला खवळून शेवटच्या चढाईला आली. पंढरीनाथांची नजर वैजयंताच्या तळव्यांकडे गेली. असले हात घेऊन ही पोर पकडणार काय, कपाळ! पंचानं कुणाची बाजू घ्यायची नसते, हे त्यांना तोंडपाठ होतं; तरी जीव वैजयंतात अडकला.

उर्मिलेनं पाय टाकला आणि वैजयंता खाली झेपावली. पंजे तिनं वापरलेच नाहीत. उर्मिलेचा गुडघा कोपराच्या बेचक्यात घेतला आणि करकचून आवळला. उर्मिला आडवी झाली, रेषेकडे सरपटू लागली, पण दम संपला.

बारा-अकरा.

वीस वर्षांत अशी पकड पंढरीनाथांनी पाहिली नव्हती, आणि सगळ्यांदेखत ते तसं बोललेही. "कुणी शिकवली गं?"

"कुणी नाही सर," वैजयंता तळवे चड्डीला पुसत म्हणाली. "हातांनी नाही म्हटलं, मग कोपराला विचारलं."