मोरीतल्या नळाचा निरोप

भूकंप थांबला तेव्हा रुक्साना अंगणात उभी होती. तिचे सासरे, अब्बा, बाजारात गेलेत, एवढाच तिला दिलासा होता. घराघरांतल्या पाइपांना कान आणि वाचा आल्यापासून हादऱ्यानंतरची तपासणी ते पाइपच करत. फोनवर पाइपांचा आवाज आला, "गॅस बंद केलाय, गळती नाही. पाण्याची लाइनही शाबूत आहे. पण मोरीतल्या नळावर कुणीतरी ठोकतंय."

"या अल्ला, अब्बा!"

रुक्साना पहार घेऊन आत धावली. मोरीचं अडकलेलं दार तिसऱ्या घावाला निघालं. साबणाने माखलेले अब्बा लुंगी सावरत धडधाकट उभे होते.

"हाका मारून घसा बसला, पोरी," ते म्हणाले. "शेवटी तांब्या आपटून नळालाच सांगितलं."

रुक्साना ओल्या लादीवर मटकन बसली आणि हसता हसता रडू लागली.