नटीपुढचा माईक

गोरेगावच्या एकांकिका स्पर्धेत केशरबाईची लेक दीक्षा जुन्या रशियन मूकपटांत गाजलेली नटी झाली होती. सिनेमा बोलका झाल्यावर ती पहिल्यांदा माईकपुढे उभी राहते आणि आवाजच फुटत नाही, असा शेवटचा प्रसंग. दीक्षानं माईकचा लोखंडी दांडा धरला, तोंड उघडलं आणि ती थरथरू लागली. मांडवात टाळ्या पडल्या. “केशरबाई, पोरीनं बक्षीस मारलं बगा!” शेजारचे शेषराव म्हणाले. केशरबाई ताडकन उठली. शेतात पाण्याच्या मोटारीच्या पेटीला तिचा सासरा असाच चिकटून गेला होता. त्यालाही ओरडता आलं नव्हतं. लोकांना तुडवत तिनं विजेचा बोर्ड गाठून मंचाच्या लाईनची पिन उपटली. अंधारात दीक्षा धपकन कोसळली. “लाईट लावा! नाटक काहून बिघडवून राहिली बाई?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. “लावू नका! लेकराला करंट लागलाय!” केशरबाई किंचाळली. मंचावरून दीक्षाचं “आये” ऐकू आलं, तरी पिन तिच्या मुठीतून सुटेना.