अकरा सेकंद

बोलता बोलता पडणारी शांतता हाही संवादच, हा प्राध्यापकांचा गाजलेला सिद्धांत. त्यासाठीचे नमुने घरचेच: चहाच्या टेबलावर टेप सुरू, हातात स्टॉपवॉच. बायको गेल्यावर एका पेंगुळलेल्या दुपारी त्यांनी त्यातलीच एक टेप लावली.

"अहो, ऐकताय ना?" तिचा आवाज आला. पुढे नुसती शांतता. वहीत त्यांच्याच अक्षरात नोंद होती: 'अकरा सेकंद. श्रोत्याकडून प्रतिसाद नाही.'

श्रोता म्हणजे आपणच की! "हो गं, ऐकतोय," ते घाईघाईने टेपला म्हणाले.

"मग सांगा बघू, मी काय म्हणत होते?" टेपमधून ती हसली.

प्राध्यापकांनी टेप मागे घेतली आणि सवयीने हातात आलेलं स्टॉपवॉच खणात टाकलं.