खरवसाची ताटली
बदलापूर गावात म्हैस व्याली की शेजारी खरवस वाटायची रीत आहे. शेजारची मोतीबाई ताटली घेऊन आली तशी सूनबाईने माझा हात धरला. “आई, थांबा. गावाच्या ग्रुपवर आलंय, यंदा पहिल्या दुधात विष आहे.” मुलगा म्हणाला, “कंपनीच्या ग्रुपवर तर हेच औषध म्हणून आलंय.” दोन्ही मेसेज मी स्वतः वाचले. साठीत अक्षरं शिकले ती कुणी फसवू नये म्हणून. “चाळीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंस गो, आता मोबाइलला विचारतेस?” मोतीबाई हसली. कडेची वडी उचलून तिने आमच्यादेखत खाल्ली. “बघ, मेले का?” मी हात पुढे केला. पण तिने वडी उचलली होती त्याच कडेला माझी बोटं वळली. दुसऱ्या कडेच्या वड्यांना हात लावायचा धीर झाला नाही. ते तिने पाहिलं. पदराने ताटली झाकून ती घरी गेली.